उजव्या बाजूची खिडकी

माझा धाकटा भाऊ विमानातल्या खुर्च्या बनवतो. हातानं नाही, बेंगळुरूच्या एका कंपनीत बसून संगणकावर त्यांचे आराखडे करतो. त्याला ही नोकरी लागली तेव्हा तो पेढे घेऊन भोकरदनला आला होता. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "एवढं इंजिनेर होऊन सुतारकीच करून राह्यला का?" मग तो पेढा तसाच खाटेच्या कडेवर ठेवून दिला. मुंग्या लागेपर्यंत तो तिथंच होता. भावानंच शेवटी उचलून बाहेर टाकला.

आबांच्या दोन काळी-पिवळी जीपा होत्या. भोकरदन ते जालना. एक स्वतः चालवायचे, दुसरीवर माणूस ठेवला होता. मधल्या सीटवर चार माणसं, मागं समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकवलेले, पुढं आबांच्या दोन्ही बाजूंना माणसं. आबा स्वतः अर्ध्या कुल्ल्यावर बसून गाडी हाकायचे. गाडी भरली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "सरका, सरका, एवढी माय बसू द्या," म्हणत ते दार ढकलून लावायचे आणि दार लागलं की आतली माणसं एकदम श्वास सोडायची. कुणी कुरकुर केली तर ठरलेलं उत्तर होतं, "मंग विमानानं जायचं व्हतं." सगळी जीप हसायची. ज्यानं कुरकुर केली तोही हसायचा, कारण पुढच्या फाट्यावर उतरवून देतील ही भीती असायची. एकदा खरंच उतरवलं होतं एका म्हाताऱ्याला, उन्हात, अर्ध्या वाटेवर. "गाडीत माणूस बसवायचा न्हाई, माणूस भरायचा," असं ते घरी जेवताना सांगायचे. शिकवण दिल्यासारखं.

आमची आईही एकदा त्या जीपमध्ये भरली गेली.

तेव्हा ती गरोदर होती. दिवस भरायला अजून वेळ होता, पण सकाळी तिला रक्त जायला लागलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, लगेच जालन्याला न्या. आबांनी गाडी काढली आणि आधी स्टँडवर नेऊन उभी केली. "जायचंच है जालन्याला, तर रिकामी कशी नेऊ?" म्हणाले. आईला मधल्या सीटवर बसवलं, तिच्यासकट चौघं. मी घरी थांबले. भाऊ तेव्हा दुसरीत होता. तो रडायला लागला म्हणून त्यालाही गाडीत घेतलं आणि आईच्या पायाशी खाली बसवलं. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबली. कुणी उतरला की त्याच्या जागी दुसरा घेतला. आई काही बोलली नाही. तिनं फक्त भावाचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून ठेवलं होतं, एवढं त्यानं मला नंतर सांगितलं. आणि त्याच्या शर्टाच्या पाठीला रक्त लागलं होतं ते मी स्वतः धुतलं.

मूल गेलं. मुलगी होती. आई आठवडाभरानं परत आली, त्याच जीपमधून. त्यानंतरही ती आबांची भाकरी थापत राहिली, वीसेक वर्षं. या गोष्टीवर आबांसमोर कधी कुणी बोललं नाही.

पुढं एका पावसाळ्यात आबांची जीप बाभळीवर आदळली. इतरांना खरचटलं, आबांच्या उजव्या पायाचा चुरा झाला. मांडीत सळई घातली, पण गुडघा कायमचा आखडला. थोडासा वाकतो, त्यापुढं नाही. तेव्हापासून ते खुर्चीत बसले की उजवा पाय समोर स्टुलावर सरळ ठेवतात. जीपा विकल्या. आई गेली तेव्हा भाऊ आला, सगळे विधी नीट केले आणि आबांशी एक शब्द न बोलता निघून गेला.

त्यामुळे गेल्या वर्षी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, आबांना घेऊन संभाजीनगरला ये, मी न्यायला येतो, बेंगळुरूला विमानानं जाऊ," तेव्हा मला आनंदच झाला. मी परतूरला शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. "नवीन विमान आहे," तो म्हणाला. "त्यातल्या खुर्च्या आमच्या आहेत. आबांना बसवून दाखवायचंय."

आबांनी आठवडाभर सगळ्या भोकरदनला सांगितलं. नवीन धोतर घेतलं, नवी टोपी घेतली. न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, बाप-लेकाचं जुळतंय.

भाऊ संभाजीनगरच्या विमानतळावर आम्हाला भेटला. दारातल्या माणसानं आबांचं चालणं बघून चाकाची खुर्ची आणू का विचारलं. "नको, चालतात ते," भाऊ म्हणाला. आबाही ताठ झाले. "मी काय लुळा है का?" तिथून विमानापर्यंत ते काठी टेकत, उजवा पाय फरफटत गेले. शिडीच्या प्रत्येक पायरीवर डावा पाय वर, मग हातानं उजवा उचलून वर. मागं माणसं तुंबली. भाऊ आमच्या पुढं होता. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

आमच्या जागा अगदी शेवटच्या रांगेत होत्या, संडासाच्या भिंतीला लागून. उजव्या बाजूला तीन खुर्च्या. भाऊ म्हणाला, "आबा, तुम्ही खिडकीशी. ताई, तू मधे." स्वतः तो येण्याजाण्याच्या वाटेच्या कडेला बसणार होता.

मी म्हटलं, "अरे, आबांचा उजवा पाय. त्या बाजूला भिंत आहे. त्यांना कडेला बसू दे, पाय वाटेत तरी तिरका करता येईल."

"वाटेत पाय ठेवू देत नाहीत," तो म्हणाला. "गाडी येते खाण्यापिण्याची. आणि पहिल्यांदा बसतायत विमानात, खिडकी नको का?"

आबा खूष झाले. "हाव, खिडकीच पाहिजे मला."

त्यांना आत बसवायलाच बराच वेळ गेला. डावा पाय बसला. उजवा कुठंच बसेना. समोरच्या खुर्चीखाली सरळ सारावा तर तिथं नेमकी पत्र्याची एक पेटी होती, तारांची. वाकवावा तर गुडघा वाकत नाही. शेवटी आबा कमरेत पिळून, अर्धे भिंतीकडं वळून बसले. टाच पेटीवर टेकली आणि गुडघा समोरच्या खुर्चीच्या पाठीत रुतला. ती पाठ म्हणजे पातळ, कडक फळी. समोर बसलेल्या माणसानं जरा अंग हलवलं की ती फळी थेट गुडघ्यावर यायची. आबा ओठ दाबायचे.

भावानं पट्टा लावला आणि समोरच्या पाठीवर बोटानं टकटक केलं. "बघ ताई, किती पातळ केलीय. पूर्वी जाडजूड गादी असायची."

"मग पातळ केली ती जागा पायाला मिळाली का?"

"नाही. तेवढ्यात अजून एक रांग बसते."

"आणि ही मागं झुकत नाही?"

"कुठलीच नाही झुकत. झुकली की भांडणं होतात, म्हणून ते काढूनच टाकलं." तो शांतपणे सांगत होता, वर्गात सांगावं तसं. "गादी पण कमी केली. वजन वाचतं."

"माणसाला दुखत असेल रे."

"दुखतं की. पण दोन तास माणूस काहीही सहन करतो. उतरला की विसरतो, पुढच्या वेळी परत स्वस्तातलंच तिकीट काढतो. त्या हिशोबानंच बनवतात." मग माझ्यावरून वाकून आबांकडं बघत म्हणाला, "कशीय खुर्ची, आबा?"

"झकास है," आबा म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

विमान हललं आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबलं. बेंगळुरूला गर्दी आहे, परवानगी मिळाली की निघू, असं कुणीतरी माइकवरून सांगितलं. मे महिन्याचं ऊन खिडकीतून थेट आबांच्या मांडीवर पडलं होतं. विमान कितीतरी वेळ तसंच उभं. उठायची परवानगी नव्हती. आबांचा पाय थरथरायला लागला. तो थरथरला की समोरच्या खुर्चीला धक्का बसायचा. शेवटी समोरचा माणूस मान वळवून म्हणाला, "काका, लाथा मारू नका हो. झोपू द्या जरा."

"चुकलं, साहेब," आबा म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात आबांनी कुणाला साहेब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाऊ खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखं दाखवत होता, पण तो आबांचा चेहरा बघत होता.

विमान उडालं, स्थिर झालं. पट्ट्याचा दिवा विझला तशी एक एअर होस्टेस आमच्याजवळ आली. तिनं आबांचा पाय पाहिला असावा. ती भावाला इंग्रजीत म्हणाली की पहिल्या रांगेत जागा रिकाम्या आहेत, समोर पाय पसरायला भरपूर जागा आहे, आजोबांना हवं तर मी तिकडं नेऊन बसवते, जास्तीचे पैसे लागणार नाहीत.

भाऊ हसून इंग्रजीतच म्हणाला, "नको, ते आरामात आहेत. त्यांना खिडकी आवडते."

ती माझ्याकडं बघत जरा घुटमळली आणि गेली.

"काय म्हणली ती?" आबांनी विचारलं.

"पाणी पाहिजे का विचारत होती," भाऊ म्हणाला.

तेव्हा मला समजलं. शेवटची रांग, उजवी बाजू, खिडकी. त्यानं घाईत जी मिळाली ती जागा घेतली नव्हती. त्या विमानातली प्रत्येक खुर्ची त्याला ठाऊक होती, कोणत्या खुर्चीखाली पत्र्याची पेटी आहे हेसुद्धा. मी आबांचा हात धरला. "आबा, तो खोटं बोलतोय. पुढं मोकळी जागा आहे. ती पोरगी बोलवायला आल्ती. उठा, मी नेते तुम्हाला."

आबा माझ्याकडं बघेचनात. माझ्यावरून ते भावाकडं बघत होते.

"पोरानं जिथं बसवलं तिथंच बसंल मी," ते म्हणाले.

"आबा, पाय बघा तुमचा."

"तू गप बस. ह्याला वाटून राह्यलं मी उठंल म्हणून. मी न्हाई उठत."

मी त्याला म्हटलं, "बाजूला हो, मला बाहेर येऊ दे." तो सरकला नाही. त्याचे पाय मात्र वाटेत ऐसपैस पसरलेले होते. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. आबांचं धोतर पोटरीपर्यंत वर गेलं होतं आणि खाली पाय सुजून चकाकत होता.

मग आबाच बोलले. "एवढं शिकवलं तुला. अन् ह्ये बनवलं तू? ह्याच्यापरिस मपल्या जीपची शीट बरी व्हती."

भावाचा चेहरा पांढरा पडला. मला वाटतं त्याला आबांना छळायचं होतं हे जितकं खरं, तितकंच त्याला त्यांच्याकडून एखादा बरा शब्दही हवा होता. तो माझ्यावरून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आबा, माय किती वेळ बसल्ती हो?"

"कुटं?"

"जीपमध्ये. मी पायाशी होतो. तुम्ही फाट्याफाट्याला थांबत गेल्ता. किती वेळ बसल्ती ती?"

विमानाचा आवाज चालू होता. समोरचा माणूस घोरत होता. मला वाटलं आबा आता काहीतरी बोलतील, निदान मान तरी खाली घालतील. आबांनी गुडघ्यावर हात ठेवला, जोर काढून सरळ बसायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "तुपल्या मायनं कधी तक्रार न्हाई केली. बाईमाणूस असून. तुला मातर रडायची सवय तवापासून है."

भाऊ मागं टेकला. त्यानं डोळे मिटले. बेंगळुरूवर विमान गोल गोल फिरत राहिलं. प्रत्येक वळणाला आबा त्या भिंतीवर चेपले जायचे, आणि मी मधे बसून दोघांचे श्वास ऐकत होते.

चाकं टेकली, लोक उभे राहिले. आबांना उठता येईना. पाय लाकडासारखा झाला होता आणि गुडघा समोरच्या फळीत असा अडकला होता की तो सोडवताना ते ओरडले. विमानातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊ उभा राहिला. वरच्या कप्प्यातून त्यानं स्वतःची बॅग काढली, खांद्याला लावली आणि रांगेतून पुढं चालायला लागला. त्या एअर होस्टेसनं आणि मी मिळून आबांना बाहेर काढलं. नवीन धोतर ओलं झालं होतं. आबांनी टोपी काढून मांडीवर धरली, ते झाकण्यासाठी.

पायात रक्ताची गुठळी झाली होती. भावानं चांगल्या दवाखान्यात ठेवलं, सगळा खर्च केला, डॉक्टरांशी रोज बोलला. त्यात काही कमी पडू दिलं नाही. फक्त खोलीच्या आत तो एकदाही आला नाही. बाहेरच्या बाकावर बसायचा आणि निघून जायचा. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ असं अवघडून बसायला नको होतं, विमानात पुढची जागा मागायची होती. मी बाहेर येऊन त्याला हे सांगितलं.

"सहन केलं ना त्यांनी?" तो म्हणाला.

"मेले असते."

"माय पण मेली असती त्या दिवशी. न्हाई मेली म्हणून काय झालं?" एरवी शहरी बोलणाऱ्या माझ्या भावाच्या तोंडी तेव्हा पुन्हा भोकरदनची बोली आली. त्यानं परतीची विमानाची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. तीच रांग, तीच खिडकी. ती मी त्याला रद्द करायला लावली.

आम्ही रेल्वेनं आलो. आबांना खालच्या बर्थवर झोपवलं, पायाखाली उशा दिल्या. मी समोर बसून राहिले. परतूरला उतरल्यावर त्यांना माझ्याच घरी आणलं. पुढचा दीड महिना मी त्यांना उचलून बसवलं, भांडं दिलं, पाय चेपला. माझ्या नवऱ्यानंही केलं. आबांनी कधी बरं वाटतंय म्हटलं नाही, पण जेवण अळणी आहे हे रोज सांगितलं.

मग एक दिवस भोकरदनहून त्यांचे दोन जुने सोबती भेटायला आले. एक त्यांच्यासारखाच जीपवाला, दुसरा स्टँडवरचा हॉटेलवाला. आबा पलंगावर तक्क्याला टेकून बसले आणि त्यांना प्रवासाचं सांगू लागले.

"लेकानं खिडकीची शीट दिल्ती मला. सगळे ढग खाली. राजावानी नेलं त्यानं. येताना मातर हिनं," त्यांनी माझ्याकडं अंगठा केला, "रेल्वेत टाकून आणलं. हाडं खिळखिळी करून टाकली. पायाचं ह्ये असं झालं ते तिच्या त्या रेल्वेनं."

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. हॉटेलवाले काका म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या माणसाला विमानानंच आणायचं व्हतं ना."

माझ्या हातात त्यांचे चहाचे कप होते. ते मी खाली ठेवले आणि सगळं सांगितलं. शेवटची रांग सांगितली, पेटी सांगितली, "चुकलं, साहेब" सांगितलं. धोतर ओलं झालं आणि टोपीनं झाकलं तेही सांगितलं. आणि ते का झालं हे कळावं म्हणून आईचंही सांगितलं. स्टँडवर गाडी उभी केलेली, चौघांत बसवलेली ती, प्रत्येक फाटा, रक्त, ती मुलगी. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, की होतं, मला माहीत नाही. जीपवाल्या काकांनी मान खाली घातली. मी बोलत असताना आबा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा विमानात भावाकडं बघताना होता तसाच होता. मी थांबले नाही. सांगून होईपर्यंत चहा गार झाला. पाहुण्यांनी तो तसाच पिऊन टाकला आणि "येतो आम्ही" म्हणून उठले.

ते गेल्यावर आबा म्हणाले, "तू बी त्याच्यासारखीच निघाली."

"हाव," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याकडून गाडी बोलावून घेतली आणि भोकरदनला निघून गेले. आता एक बाई येऊन त्यांचा स्वयंपाक करते. पगार भाऊ पाठवतो. काठीनं ते ओट्यापर्यंत जातात, त्यापुढं नाही. मी रविवारी फोन करते. "जेवलात का?" विचारते. ते "हाव" म्हणतात आणि ठेवून देतात.

भावाची बढती झाली. परवा त्यानं मला एक फोटो पाठवला, अजून एका नव्या विमानाचा आतला. खुर्च्यांच्या रांगाच रांगा, कुणी न बसलेल्या, स्वच्छ. खाली लिहिलं होतं, ही आधीच्यापेक्षाही पातळ आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, आणि छान आहे असं कळवलं.